पायऱ्यांवरची चौघं

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. सांगली

रोल आला. १२० चा इल्फर्ड एचपी५, एकच मागवला होता. पूर्वी कराडला बाबांच्या स्टुडिओत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ असायचा, कधी पूर्व जर्मनीचा ऑर्वो. आता दोन्ही नाहीत, पण काम तेच आहे. बारा फ्रेम. सहा-सात चौघांवर जातात, उरलेल्या पोरासोरांवर.

रोल फ्रिजच्या दारात ठेवताना ह्यांनी पाहिलं. “यंदा कशाला?” म्हणाले. मी काही बोलले नाही.

यंदाचा चाळिसावा. आमचं लग्न १९८४ च्या मे महिन्यातलं, त्याच दिवाळीत पहिला फोटो काढला. मधली दोन वर्षं चुकली. १९९३ ला मामंजी गेले आणि २०२० ला कुणालाच गावी येता आलं नाही. एरवी दर भाऊबिजेला, सकाळी दहाच्या सुमारास, गावच्या घराच्या दगडी पायऱ्यांवर चौघं भावंडं उभी राहतात. डावीकडून माई, ताई, मग हे आणि शेवटी भाऊजी. दोघी नणंदा मोठ्या, त्यामुळे जन्माचा क्रमच तसा आहे.

तो क्रम मी लावलेला नाही. पहिल्या वर्षी मी नुसतं “चला, उभे राहा” म्हटलं आणि चार माणसं अंगणातून, माजघरातून, गोठ्याकडून येऊन आपापल्या जागी उभी राहिली. पंगतीत ज्याचा त्याचा पाट ठरलेला असावा तशी. मी एकुलती एक. आपल्या डाव्या हाताला कोण आणि उजव्या हाताला कोण हे जन्मापासून ठाऊक असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तेच पाहायला मी दर वर्षी कॅमेरा काढते.

मार्चपासून हे आणि भाऊजी बोलत नाहीत. सामाईक विहीर, पाण्याची पाळी, रात्रीच्या विजेला मोटर कोणी किती तास चालवली, इथून सुरू झालं आणि आजोबांच्या वाटणीपर्यंत गेलं. सात महिने होत आले. रांगेत ही दोघं शेजारी-शेजारी असतात.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबांची पद्धत होती, खंडेनवमीला कॅमेरे पुसून ठेवायचे आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकू. लाकडी हाफ-प्लेट कॅमेऱ्याला झेंडूची माळ, एन्लार्जरला एक फूल, हायपोच्या बरणीलासुद्धा. माझ्याकडे आता एकच उरला आहे, याशिका मॅट १२४जी. बाबांनी जुना घेतलेला, लग्नात मला दिला. लोकांनी भांडी दिली, त्यांनी हा दिला.

या कॅमेऱ्यात समोर बघायचं नसतं. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत पाहायचं. फोटो काढणारा माणूस समोरच्यांना नमस्कार करत असल्यासारखा दिसतो. आणि काचेतलं चित्र उलट असतं, डावं ते उजवं. म्हणजे गेली एकेचाळीस वर्षं ही चौघं मला काचेत भाऊजींपासून सुरू झालेली दिसतात. माई शेवटी. छापल्यावर ती सुलटी होतात, तेव्हा दर वेळी क्षणभर वाटतं की कोणीतरी जागा बदलली.

५ ऑक्टोबर, रविवार

आज एकोणचाळीसच्या एकोणचाळीस फोटो दिवाणावर मांडले. आठ बाय आठचे, मागे पेन्सिलीनं साल. तीन रांगा केल्या आणि दुपारभर तिथेच बसले.

१९८८ ची निगेटिव्ह नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ट्रंकेत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर पाहिलं तर पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजून फुगतो. अशा वेळी त्या वाळू द्यायच्या नसतात, वाळल्या की कायमच्या एक होतात. मी सगळ्या स्वच्छ थंड पाण्याच्या पातेल्यात सोडल्या आणि रात्रभर बसून बोटांच्या अग्रांनी एकेक सुटी केली. १९८८ ची मात्र थरासकट निघून गेली. नुसती पारदर्शक पट्टी हातात राहिली. सुदैवानं त्या सालचा एक छाप माईंच्या स्वयंपाकघरात फळीवर टेकवून ठेवलेला होता. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा आहे. तो मी पुसला नाही. कृष्णधवल फोटोंच्या त्या सगळ्या मांडणीत रंग तेवढा तिथे आहे.

९ ऑक्टोबर

निकोलस निक्सनचं पुस्तक पुन्हा काढलं. लेकीनं अमेरिकेहून आणलेलं, २०१४ चं, ‘द ब्राउन सिस्टर्स’. निक्सनची बायको बेबी आणि तिच्या तिघी बहिणी. १९७५ च्या उन्हाळ्यात कनेटिकटमधल्या न्यू केनन गावी त्यानं त्या चौघींना एकत्र उभं केलं आणि मग दर वर्षी एक फोटो, चार दशकांहून अधिक काळ. क्रम ठरलेला: हेदर, मिमी, बेबी, लॉरी. त्यात जन्माचा क्रम शोधायला गेलं तर सापडत नाही. थोरली बेबी तिसरी आहे आणि सगळ्यांत लहान मिमी, पहिल्या फोटोत पंधरा वर्षांची, दुसरी आहे. पण एकदा ठरला तो ठरला.

त्याचा कॅमेरा मोठा लाकडी, आठ बाय दहा इंचाच्या फिल्मचा. वाढवून छापायची गरजच नाही, फिल्म कागदाला टेकवून तेवढ्याच आकाराचा छाप. त्यामुळे गालावरचा वांग, स्वेटरचा निघालेला धागा, कपाळावर चिकटलेला केस, सगळं जिथल्या तिथे. खाली गावाचं नाव आणि साल. त्या चौघींची लग्नं, घटस्फोट, आजार, मुलं, यातलं अवाक्षर नाही. एका वर्षी एकीचे डोळे सुजल्यासारखे दिसतात आणि आपण तिथेच अडकतो. पुढच्या पानावर ती बरी दिसली की जीव भांड्यात पडतो.

मला या पुस्तकात सगळ्यांत जवळचं वाटतं ते वेगळंच. निक्सन त्या घरचा जावई. मी या घरची सून. भावंडांचा फोटो भावंडांपैकी कुणी काढू शकत नाही, काढला तर तो रांगेतून वजा होतो. आई-बाप काढतात तेव्हा मुलं आई-बापांकडे बघतात. लग्न करून आलेल्या माणसाकडे ती ज्या नजरेनं बघतात ती तिसरीच असते. घरातला आहेस, पण आमच्यातला नाहीस. हे त्या चौघींच्या डोळ्यांत आहे आणि ह्या चौघांच्याही. मला याचं कधी दुःख झालं नाही. त्या नजरेसमोर उभं राहायची परवानगी मिळाली, हेच खूप आहे.

आणि काही फोटोंत निक्सनची स्वतःची सावली त्या बहिणींच्या अंगावर पडलेली आहे. कॅमेरा आणि त्याच्याशेजारी उभा माणूस. त्यानं ती टाळली नाही. बाबांनी मला सावली टाळायलाच शिकवलं होतं. स्टुडिओवाल्यानं फोटोत दिसायचं नसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुतणी आली होती, तिला १९९७ चा फोटो दाखवला. माईंनी त्या वर्षी हिरवं इरकल नेसलं होतं, ताईंनी लालभडक नारायणपेठ. फोटोत दोन्ही साड्या एकाच राखाडीच्या. तिला खरं वाटेना. पण असंच होतं. लाल आणि हिरवा उजेडाला सारखे भरले तर कृष्णधवल फिल्म त्यांच्यात भेद करत नाही. बाबांच्या काचेवरच्या जुन्या प्लेटी तर लाल रंगाला आंधळ्याच होत्या, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. त्या प्लेटींवर बायकांचं कुंकू काळं कुळकुळीत येई आणि सावळी माणसं आहेत त्याहून सावळी. तक्रारी यायच्या. बाबा मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं तासन्‌तास रिटचिंग करत बसायचे.

रंग गेल्यावर काय राहतं ते या फोटोत बघावं. माई वकिलाच्या घरी पडल्या, ताईंनी आयुष्यभर शेत केलं. एकीची कातडी जपलेली, दुसरीची उन्हानं रापलेली. एका वर्षी कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या रंगीत फोटोत त्या दोघी बहिणी वाटतच नाहीत. त्याच वर्षीच्या माझ्या फोटोत मात्र भुवईचं हाड एकच आहे, डाव्या बाजूला किंचित वर चढलेलं. ह्यांचंही तेच. भाऊजींचंही. सासूबाईंचा एकुलता फोटो देवघराशेजारी आहे, त्यात हे हाड नाही, म्हणजे ते मामंजींकडून आलेलं असणार. चौघांच्या कपाळावर एकाच हातानं ओढलेली रेघ.

रात्री दिवाणावरचे फोटो उचलताना हात पाहिले. बाबा समूहफोटो घ्यायच्या आधी सगळ्यांच्या हातातले रुमाल, पर्सा, काठ्या काढून घ्यायचे. हात मोकळे झाले की ते आपली सवयीची जागा शोधतात. १९८४ मध्ये माईंनी ताईंचा हात धरलेला नाही, मनगट धरलं आहे. १९८५, तेच. ८६, तेच. ओढ्यातून शाळेत नेताना धरायच्या तसं, निसटू नये म्हणून. ताईंना तेव्हा दोन मुलं होती. २००७ मध्ये प्रथमच ते मनगट सुटलेलं आहे आणि ताईंचा तळवा माईंच्या कोपराखाली आहे. माईंच्या गुडघ्याचं दुखणं त्या साली सुरू झालं. तेव्हापासून आजतागायत तसंच. माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि मला आज कळलं.

ह्या दोघा भावांचे हात बाजूला सरळ असतात. फक्त खांदा खांद्याला टेकलेला. चाळीस वर्षं टेकलेला आहे, मी एकेक तपासला.

१५ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं, भाऊजींना फोन करू का. म्हणाले, “तुला वाटत असेल तर कर.” केला. भाऊजी म्हणाले, “वहिनी, माईकडे ओवाळून घेतो, संध्याकाळी जमलं तर येतो.” गेल्या वर्षापर्यंत ते नरकचतुर्दशीलाच मुक्कामी यायचे, आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी ह्यांनी तापवायचं असा दंडक होता. मी ‘बरं’ म्हणाले. संध्याकाळी जमलं तर. म्हणजे सकाळचा उजेड गेला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

चकल्यांची भाजणी दळून आणली. डोक्यात मात्र दिवसभर शेरगिल बहिणी.

उमरावसिंग शेरगिल यांनी आपल्या दोघी मुलींचे, अमृता आणि इंदिराचे, लहानपणापासून फोटो काढले. बुडापेस्टमध्ये, सिमल्याला, मग पॅरिसला. अमृता १९१३ ची, इंदिरा पाठची. एकसारखे कपडे केलेल्या दोन पोरी, हळूहळू आपल्या अंगानं दोन वेगळ्या बायका होत जातात. अमृताला आपण कुठे आहोत ते माहीत असतं. बाप कॅमेरा लावतोय हे तिला कळलेलं असतं आणि ती त्याच्यापुढे स्वतःला मांडते. इंदिरा त्या चौकटीत असते. आपण पुस्तकात अमृतासाठी जातो आणि दुसरीवरून डोळा सरकतो.

पण इंदिराला बहिणीनं पाहिलं होतं. १९३२ च्या ‘यंग गर्ल्स’ या चित्रात बसलेल्या दोघींपैकी एक इंदिरा आहे, आणि त्याच चित्रानं अमृताला पॅरिसच्या सालोंमध्ये सुवर्णपदक मिळवून दिलं. १९४१ मध्ये अमृता गेली, अठ्ठावीस वर्षांची. पुढे इंदिराचा मुलगा विवान सुंदरम यानं २००१-०२ मध्ये आजोबांचे ते जुने फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. वेगवेगळ्या सालांतली, वेगवेगळ्या गावांतली माणसं एका खोलीत आणली. मावशी, आई, आजोबा. मला पूर्वी ती करामत वाटायची. यंदा वाटलं, ज्यांना एका पायरीवर आणता येत नाही त्यांना मुलानं शेवटी असं आणलं.

मी मात्र तसं करणार नाही. चौघं उभी राहिली तर फोटो, नाहीतर रोल फ्रिजमध्ये.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. गाव

पहाटेच्या आंघोळी झाल्या. ह्यांनी सवयीनं चुलीवर जास्तीचं एक घंगाळ पाणी तापवलं. नंतर ते तुळशीला आणि जाईला थंड करून घातलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळणं झालं. पायऱ्या धुतल्या.

जुन्या फोटोंतला एक प्रकार सारखा आठवतोय. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लहान भावंडांचे फोटो काढताना एक्स्पोजर इतका वेळ चाले की पोरं हलत. मग आई त्यांना मागून धरून बसायची आणि तिच्या अंगावर चादर किंवा पडद्याचं कापड टाकलं जायचं, जणू ती खुर्चीच. छापात दोन पोरं आणि त्यांच्यामागे एक कापडाचा ढीग. नीट पाहिलं तर ढिगातून बाहेर आलेली बोटं दिसतात, बाळाच्या कमरेभोवती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भीती वाटली होती. आता नाही वाटत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी माई आल्या, ताई आल्या. ओवाळलं. दहा वाजता माई आपसूक पायऱ्यांकडे निघाल्या आणि थबकल्या. ताईंनी त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि परत आत आणलं.

जेवणं झाली. तीन वाजले. चार. ह्यांनी दोनदा गोठ्यात जाऊन उगाच गव्हाण झाडली. मी कॅमेऱ्यात रोल भरला, बाणाची खूण खुणेला लावली, झाकण बंद केलं. भरल्यावर परत काढता येत नाही.

पाचला दहा कमी असताना फटफटीचा आवाज आला. भाऊजी. पांढरा शर्ट, हातात माईंनी दिलेलीच पिशवी. कोणाशी काही बोलले नाहीत. मला म्हणाले, “वहिनी, उजेड आहे का अजून?”

उजेड होता, पण वेगळाच. आमचं घर पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी पायऱ्या सावलीत असतात, चेहऱ्यांवर मऊ उजेड येतो, चाळीस वर्षं मी त्याच उजेडात काम केलं. आता ऊन समोरून थेट येत होतं, कलतं, पिवळं. एफ ११, एक छेद अडीचशे. ऊन माझ्या पाठीला लागत होतं. मी मान खाली घातली.

काचेत भाऊजी पहिले आले, मग हे, मग ताई, मग माई. चौघांचे डोळे उन्हानं बारीक झालेले आणि चौघांची डावी भुवई वर. दोघा भावांच्या खांद्यांमध्ये चार बोटं अंतर होतं. “जवळ या” असं मी फोटोसाठी कुणालाही म्हणते. आज म्हणाले नाही. त्यांचे हात जिथे होते तिथेच असू देत. पाच फ्रेम घेतल्या. चौथीच्या वेळी माईंचा तोल किंचित गेला, ताईंनी सावरलं, आणि त्या धक्क्यानं सगळी रांग एवढीशी उजवीकडे सरकली. मी बटण दाबलं.

भाऊजींनी चहा घेतला, लाडूचा डबा घेतला. जाताना ह्यांना म्हणाले, “शुक्रवारी रात्रीची वीज आहे.” हे म्हणाले, “माहीत आहे.” आठ महिन्यांतलं हे पहिलं बोलणं. त्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

२६ ऑक्टोबर, रविवार. सांगली

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं. डी-७६ मी घरीच करते, बाबांच्या मापानं: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. नळाचं पाणी सत्तावीस अंशांवर होतं, बर्फाच्या परातीत बाटली ठेवून वीसवर आणलं. साडेसात मिनिटं. हायपो, धुणं, दोरीला चिमटा.

फिल्म वाळल्यावर भिंगानं पाहिली आणि चौथ्या फ्रेमवर थांबले. खांदे टेकले आहेत. धक्क्यानं टेकले, पण टेकले आहेत.

मग खाली लक्ष गेलं. खालच्या तीन पायऱ्यांवर आणि चौघांच्या पावलांवरून वर ह्यांच्या नि ताईंच्या गुडघ्यांपर्यंत एक उजळ आकार. निगेटिव्हवर सावली उजळ येते. पदर खांद्यावरून घेतलेली, कोपरं बाहेर काढलेली, मान खाली. पोटाशी काहीतरी धरलेली बाई. बाबांनी इतकं सांगूनही मला काचेत ती दिसलीच नव्हती, मी चेहऱ्यांकडे आणि खांद्यांकडे पाहत होते.

एन्लार्जर लावला. हे दारात येऊन उभे होते. त्यांना फळीवरचं उलटं-काळं चित्र वाचता येत नाही, तरी म्हणाले, “खालचं ते काय?” मी सांगितलं. कागद जरा वर सरकवला की खालच्या तीन पायऱ्या कापल्या जातात, चौघं गुडघ्यांपासून वर नीट येतात. उरलेली सावली दाबता येते. मी फ्रेमच्या पट्टीला हात लावला, आणि मग जिथे होती तिथेच राहू दिली. अठरा सेकंद.

कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे हळूहळू हलवू लागले. लाल दिव्यात पांढऱ्या कागदावर सगळ्यांत आधी जे काळं असतं ते उमटतं. आधी पायऱ्यांवर मी आले. मग माईंच्या साडीचे काठ, ह्यांचे केस, दाराची चौकट. मग चार भुवया. भाऊजींचा पांढरा शर्ट सगळ्यांत शेवटी आला, आणि तो येईपर्यंत हे माझ्या खांद्यावरून वाकून ट्रेमध्ये बघत होते.